एक किलो साठ ग्राम

सुधाकर, तुझ्या दुकानामागच्या पडवीत मी पन्नास फुगे भरले, हे तुला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मीच सांगतो. तू जाऊन नववा दिवस होता. बाहेर ओट्यावर माणसं बसायला येत होती आणि आत तुझा साडू गुलाबी फुगे भरत होता. आमची शोभा दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "गेलेल्या मानसाची झडती घ्याची राह्यली होती का तुमची? लोक काय म्हनतीन?"

लोक काय म्हणतील त्याचं मला फारसं वाटलं नाही. दोन वर्षांपूर्वी तुझ्याबद्दल लोकांनी काय म्हणावं, ते मीच ठरवून दिलं होतं.

तुझ्यावर संशय घेण्याची माझी ती पहिली वेळ नव्हती. शोभाच्या बहिणीसाठी, रेखासाठी, तुझं स्थळ आलं, तेव्हा सासऱ्यांनी चौकशीचं काम माझ्यावर टाकलं. मी साखरखेर्ड्याला तीनदा आलो. एकदा सांगून, दोनदा न सांगता. ज्याला विचारावं तो तुझं चांगलंच सांगे, आणि त्यानेच मला जास्त खटकायला लागलं. तिसऱ्या वेळी चहा होईपर्यंत माझं मन रमवावं म्हणून तू एक ग्लास घेतलास, त्याच्या बुडाशी कागदाचा बोळा घट्ट बसवलास आणि ग्लास उपडा करून बादलीतल्या पाण्यात खोलवर दाबलास. वर काढला तर बोळा कोरडा. तू म्हणालास, "ग्लास रिकामा दिसते साडभाऊ, पन भरेल हाय. हवा आपली जागा सोडत नाही." लग्न ठरायचं होतं आणि तू मला साडभाऊ म्हणून मोकळा झाला होतास. मी बोळा उलगडून बघितला, त्याला तेल लावलंय का म्हणून. तू ते पाहिलंस आणि हसलास. घरी येऊन मी सासऱ्यांना सांगितलं, मुलगा बोलका आहे, पण लक्ष ठेवावं लागेल.

माझा धंदा तुला माहीत आहे. सत्तावीस वर्षं बाजार समितीच्या यार्डात मापाडी म्हणून उभा आहे. शेतकऱ्याचा माल आणि व्यापाऱ्याचा पैसा यांच्यामध्ये काटा असतो आणि काट्याजवळ मी. काट्याच्या पाट्याला हळूच लावलेला गुडघा, पोत्यात मधोमध घातलेली माती, पाणी मारून जड केलेली सोयाबीन, सगळं पाहिलेलं आहे. त्यामुळे एखादी गोष्ट वजनात उतरली नाही, तर माझ्या मते ती नसते. ही माझी अक्कल आणि हीच माझी मर्यादा. मर्यादा हा शब्द मी पंधरा दिवसांपूर्वी लिहिला नसता.

लग्नानंतर मीच तुला आमच्या उंद्रीत आणलं. मंडप, कमानी, पडदे हे तुझं काम चाललं. मग वाढदिवस आणि बारशांना वर छताला जाऊन चिकटणारे फुगे लागायला लागले, तेव्हा जालन्याहून हेलियमचं नळकांडं आणणारा आपल्याकडे तूच पहिला. आपल्या शाळेचा हीरक महोत्सव ठरला, मी महोत्सवाच्या समितीत होतो. पाचशे फुग्यांचं काम तुला मिळालं. साडूला काम दिलं असं कोणी म्हणू नये, म्हणून मी जरा जास्तच डोळ्यांत तेल घालून बसलो. तुझं नळकांडं मी कार्यक्रमाआधी काट्यावर चढवलं आणि कार्यक्रमानंतर पुन्हा चढवलं. तू आडकाठी केली नाहीस. उलट स्वतःच त्याला मिठी मारून उचलून ठेवलंस. "घ्या, करा वजन."

आधी अठ्ठावन्न किलो दोनशे चाळीस ग्राम. नंतर सत्तावन्न किलो एकशे ऐंशी. फरक एक किलो साठ ग्राम.

आमच्या स्वयंपाकघरातलं बुटकं सिलिंडर, त्यात चौदा किलोवर गॅस असतो. तुझं नळकांडं माझ्या खांद्याएवढं उंच, आणि त्यातून निघाला एक किलो साठ ग्राम. मला दुसरं काही दिसेना. नळकांडं जवळजवळ रिकामंच आणलं असणार, वर थोडा गॅस मारून बाकी पंपाची हवा भरली असणार. त्यात फुगे आदल्या रात्रीच भरलेले, आणि प्रमुख पाहुणे तीन तास उशिरा आले. तोवर उन्हात फुगे लटकायला लागले, पाहुण्यांचं भाषण चालू असताना कमानीवरचे निम्मे त्यांच्या डोक्यापर्यंत उतरले. माझी खात्रीच झाली.

दुसऱ्या दिवशी समितीपुढे तू समजावून सांगितलंस. आता आठवतं, किती सरळ सांगितलंस. "साडभाऊ, घरातला गॅस आत पातळ असते, पान्यासारका. हा तसा नाही. हा वाराच हाय, दाबून कोंबेल. याले वजनावर नाही मोजत, जागेवर मोजतात."

"जागेवर काय मोजतात? प्लॉट?" मी म्हणालो. सगळे हसले. तूही हसलास.

मग तू माझ्याकडचा, किराणा दुकानात असतो तसला छोटा काटा मागितलास. पन्नास ग्रामचं वजन त्यावर ठेवलंस, त्याला फुगा बांधलास, आणि फुगा भरलास. काटा चाळीसवर आला. तू म्हणालास, बघा, एवढी जागा या फुग्यानं घेतली, तिथली हवा बाजूले सारली, ती हवा याच्याहून जड होती म्हणून हा वर ओढतो. मी काय म्हणालो ते सगळ्या समितीने ऐकलं. "माल घातला अन् वजन घटलं! आमच्या यार्डात असं कोनी केलं तर त्याचं लायसन जाते."

फुगे लटकले त्याचंही तू सांगितलंस. रबराला बारीक छिद्रं असतात, डोळ्यांना दिसत नाहीत, आणि हेलियम त्याहून बारीक, तो निसटतो. मी म्हणालो, न दिसणारी छिद्रं आणि न दिसणारा माल, सुधाकर, तुझं सगळं न दिसणारंच आहे. पुन्हा हशा. अध्यक्ष किसनरावांनी त्यानंतर शाळेचं काम बुलढाण्याच्या पार्टीला दिलं. मग ग्रामपंचायतीचं गेलं. साडूच म्हणतो तर खरं असणार, एवढं लोकांना पुरलं.

यापुढचं मला अजून नीट लावता येत नाही. तू भांडला नाहीस. मी वाट पाहत होतो. खरा माणूस असता तर चिडला असता, माझ्या दारात येऊन चार शिव्या दिल्या असत्या, रेखाने शोभाशी बोलणं टाकलं असतं. तुम्ही दोघं तर दर रविवारी चहाला येत राहिलात, आम्हालाही बोलावत राहिलात. तू आमचा पंखा दुरुस्त केलास. शोभाच्या गुडघ्याला कुठलं तरी तेल आणून दिलंस. "साडभाऊ, यार्डात काय भाव निघाला आज?" असं पूर्वीसारखं विचारलंस. मी प्रत्येक वेळी मनात म्हटलं, चोरी पचली की माणूस असा गोड होतो. तुझा प्रत्येक चांगुलपणा मी तुझ्याविरुद्ध धरला. दोन वर्षांत असे किती रविवार झाले ते तू जाणतोस. मी मोजले आहेत, इथे लिहीत नाही.

एकदाच, चिखलीच्या बसस्टँडवर, तू म्हणालास, "साडभाऊ, त्या फुग्याचं एक सांगू का?" मी म्हणालो, राहू दे. तू म्हणालास, बरं. आणि मुठीतल्या अर्ध्या शेंगा माझ्या हातावर ओतल्यास.

तुला बुलढाण्याला दवाखान्यात घेऊन गेले त्या गाडीत मी नव्हतो. यार्डात आवक जास्त होती. निरोप आला तेव्हा मी विचारलं, नक्की सुधाकरच का? तेही मी तपासलं.

सातव्या दिवशी जालन्याची गाडी तुझ्या दारात उभी राहिली. त्या लोकांना काहीच कळलं नव्हतं. तू आधीच सांगून ठेवलेलं नळकांडं घेऊन ते आले होते, तोंडावर सील तसंच. रेखा म्हणाली, "भाऊजी, हे वापस पाठवा." मी त्या सीलकडे बघत राहिलो. तू गेल्यानंतर आलेलं, तुझा हात न लागलेलं, कोणी मुद्दाम माझ्यासाठी भरून ठेवलेलं नाही. असा माल पुन्हा माझ्यासमोर येणार नव्हता. म्हटलं, दोन दिवस राहू दे. "काऊन?" तिने विचारलं. मी नळकांडं पडवीत सरकवलं.

तर नववा दिवस. यार्डातला शंभर किलोचा काटा टेम्पोत घालून आणला, दहा ग्रामपर्यंत दाखवणारा. आधी तो प्रमाणित वजनांनी तपासला, कारण त्या सकाळी माझा माझ्या काट्यावरही भरवसा नव्हता. सील तोडण्याआधी नळकांडं अठ्ठावन्न किलो दोनशे. एकेक फुगा तुझ्या पुठ्ठ्याच्या खिडकीत बसेल एवढाच भरला, म्हणजे सगळे सारखे. तुझी ती खिडकी कापलेली पट्टी मी पूर्वी ढोंग समजायचो. पन्नास भरून झाल्यावर अठ्ठावन्न किलो शंभर. पन्नास फुगे वर पत्र्याला जाऊन टेकले आणि नळकांड्यातून गेले होते शंभर ग्राम. एका फुग्याला दोन ग्राम.

तरी मला पटेना. दोन ग्राम म्हणजे जवळपास काहीच नाही. एवढ्याने एवढा फुगा भरतोच कसा? मग तुझ्या अंगणातला ड्रम काठोकाठ भरला, खाली मोठं टोपलं ठेवलं. आधी नुसते दोन्ही हात कोपरापर्यंत बुडवून सांडलेलं पाणी मोजलं, ते नंतर वजा करायचं म्हणून. मग एक फुगा दोन्ही हातांनी पाण्यात दाबला.

सुधाकर, तो जाईना. मी रोज पोती हलवणारा माणूस, तो फुगा मला पाण्याखाली नेता येईना. छातीचा भार देऊन दाबला तेव्हा कुठे गेला, आणि पाणी भदाभदा सांडलं. हात वजा करून साडेतेरा लिटरच्या थोडं वर भरलं. म्हणजे दोन ग्रामच्या मालाने साडेतेरा किलो पाणी बाहेर हाकललं होतं आणि मला ते मनगटात जाणवत होतं. तू म्हणायचास, हवा आपली जागा सोडत नाही. ती जागा मी हातात धरून उभा होतो. फुगा सटकून माझ्या हनुवटीवर आदळला. ओट्यावरून कोणीतरी विचारलं, काय चालू हाय? शोभा म्हणाली, "काही नाही, यायचं डोकं."

मग पडवीत बसून गुणाकार केला. एक किलो साठ ग्राम म्हणजे दोन-दोन ग्रामचे पाचशे तीस फुगे. महोत्सवाला मी स्वतः पाचशे मोजून घेतले होते, आणि फुटलेले तीसेक झाडून काढताना पाहिले होते. ज्या आकड्याने मी तुला चोर ठरवलं, तोच आकडा तुझ्या बाजूने सगळं सांगत होता. फक्त त्याला काय विचारायचं ते मला कळत नव्हतं. पत्र्याखालचे फुगे दुसऱ्या दिवशी दुपारी आपोआप खाली आले. सगळ्यांच्या गाठी तपासल्या. घट्ट होत्या.

तेरवीला किसनराव आले होते. जेवणं आटोपली, सुपारी फिरत होती, पंचवीसेक माणसं बसलेली. मी उभा राहिलो. असा उभा राहायची सवय नाही.

"किसनराव, मी तवा बैठकीत बोललो होतो, सुधाकरचं नळकांडं रिकामं होतं."

"जाऊ द्या ना हो आता. मानूस गेला."

"ते भरेल होतं. पूर्न भरेल."

किसनराव म्हणाले, "मंग तवा काऊन बोलले तुम्ही? आमी तर तुमच्या सबदावर गेलो."

"मले समजत नव्हतं."

"तुमाले? एवढे वजनं करता तुम्ही, अन् तुमाले समजत नव्हतं?"

"हाव."

मी त्यांना नववा दिवस सांगितला, आकडे सांगितले. छिद्रांचंही सांगितलं, तुझ्याच शब्दांत. किसनराव मान हलवत होते. ती मान मी ओळखतो. व्यापारी सोयाबीन कोरडी आहे असं शपथेवर सांगतो, तेव्हा मी तशीच हलवतो. माझ्या मागे बसलेला एक जण दुसऱ्याला हळू म्हणाला, "आता बाई दुकान चालवनार, म्हून सावरून राह्यले."  आकडे माझ्याजवळ होते, आणि ते दोन वर्षांपूर्वी तुझ्याजवळही होते. मी तुझ्यावर बसवलेला संशय त्यांनी काढला नाही, त्यात मलाही ओढून घेतलं. तुझ्या शेजारी बसायला मिळालं म्हण. ती जागा तुला दोन वर्षं होती, मला तीनच दिवस झालेत, आणि आत्ताच झोप लागत नाही.

पण मी बोललो, सुधाकर. पंचवीस माणसांसमोर बोललो. ज्याला धरायचं त्याने धरावं. किसनरावांकडे पुन्हा जाईन. काटा, ड्रम, नळकांडं घेऊन शाळेच्या मैदानात बसायची वेळ आली तर बसेन.

माणसं गेल्यावर रेखा भांडी गोळा करत होती. मी तिच्याशी काय बोलावं ते ठरवून ठेवलं होतं, ते बोललोच नाही. तीच म्हणाली, न थांबता, पातेलं घासता घासता, "त्यायले माईत होतं तुम्हाले समजलं नाही ते. म्या म्हनलं, मंग बसून समजावून काऊन नाही सांगत? तर म्हने, समजलं का साडभाऊ आपल्या घरी येनं बंद करतीन. सोताचं चुकलेलं त्यायले सहन होत नाही. घेऊ दे संशय, पन येऊ दे."

मी उभाच राहिलो. ती म्हणाली, "सरका भाऊजी, पानी सांडते."

तेव्हापासून तीन दिवस मी हेच घेऊन बसलो आहे. तू खरंच असं म्हणालास का? की तेरवीच्या दिवशी मला बरं वाटावं म्हणून रेखाने ते जुळवलं? पहिला विचार हाच आला, तुझी शपथ. जुळत नाही अशी एक गोष्ट आहे. बसस्टँडवर तू सांगायला निघाला होतास. जो लपवणार आहे तो निघेल कशाला? पण मग मी 'राहू दे' म्हटल्यावर तू लगेच 'बरं' म्हणालास, एकदाही पुन्हा काढलं नाहीस, ते जुळतं. शोभाला विचारता येईल, बहिणी एकमेकींना सगळं सांगतात. रेखालाच वेगळ्या दिवशी, वेगळ्या बोलण्यातून, पुन्हा विचारून दोन्ही उत्तरं ताडून पाहता येतील. यार्डात मी असंच करतो आणि तिथे मी सहसा चुकत नाही.

काल तिच्याकडे गेलो होतो. चहा घेतला. दुकानाचं शटर घट्ट झालंय, त्याला ग्रीस लावून आलो. विचारलं नाही. विचारणारही नाही.